डिकीतले दोन ठोके

माझ्या गाडीचा मागून आवाज यायला लागला तो शाळेच्या फाटकातल्या स्पीडब्रेकरवर. खट्ट. एकदाच, पण खालून कुणी लाकडी हातोडी मारावी तसा. रांगेत उभ्या असलेल्या नववीच्या पोरी हसल्या. आमचे पर्यवेक्षक फाटकापाशी उभे होते, ते म्हणाले, "सर, गाडी काहीतरी सांगतेय तुम्हाला."

गाडी जुनी घेतलेली, पण आमच्या घरात आलेली पहिली. त्याआधी पहिली आलेली गोष्ट म्हणजे माझी पदवी. आमच्या सगळ्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. लपवलं ते दुसरंच.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सोलापुरात हैदराबाद रोडच्या एका गॅरेजात ट्रकचे पाटे बसवायचे. पाटे म्हणजे ट्रकच्या चाकावर एकावर एक रचलेल्या लोखंडी कमानी. सगळा माल त्यांच्यावर झुलत असतो. एखादा पाटा तुटला की ट्रक कलतो, आणि मग आप्पांसारखा माणूस खाली शिरतो. त्यांच्या तळहाताच्या रेषांत बसलेला काळेपणा काम सोडल्यावरही निघाला नाही.

मी शाळेत रुजू झालो तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत." वाक्य इतकं सोयीचं निघालं की ते नऊ वर्षं चाललं. मध्ये एकदा पर्यवेक्षकांनी विचारलं होतं, "किती गाड्या आहेत हो वडिलांच्या?" मी नुसता हसलो. हसणं म्हणजे काही हो म्हणणं नव्हे, अशी मनाची समजूत घातली.

तर आवाज. मी सायन्सचा माणूस. दोन संध्याकाळी मोबाईलवर वाचून काढलं आणि ठरवलं की मागचे शॉकअप गेलेत. गॅरेजवाला म्हणत होता, "एकदा खालून बघू द्या की सर." मी म्हणालो, "बघायचं काय त्यात? बदला दोन्ही." त्याने बदलले. दुसऱ्या दिवशी फाटकात पुन्हा खट्ट.

घरी आलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसलेले. ते उठले, गाडीच्या मागे गेले, दोन्ही हातांनी डिकीवर भार देऊन गाडी खाली दाबली आणि सोडली. गाडी वर आली ती गप उभी राहिली.

"शॉकअप चांगलंच हायती," ते म्हणाले.

"नवे घातलेत, आप्पा."

"मग जुनं पण चांगलंच असतील. शॉकअप गेल्यावर गाडी नाचत ऱ्हाती. तुझी नाचत न्हवती, वाजत हुती."

बी.एस्सी.ला मी झोके आणि ते कसे विझत जातात यावर पानंच्या पानं लिहिली होती. गाडी दाबून बघायचं मात्र सुचलं नव्हतं. आई आतून म्हणाली, "मास्तरला इचारून गाडी वाजत न्हाय, व्हय रं?"

रविवारी सकाळी आप्पांनी मागची सीट आडवी करायला लावली आणि ते डिकीपासून आत आडवे झाले, चाकावरच्या पत्र्याच्या घुमटीला कान लावून. ट्रकच्या दिवसांतली त्यांची ही रीत. क्लीनर मागून पत्र्यावर हात मारतो, त्याप्रमाणे ड्रायव्हरने गाडी हाकायची. "एक ठोका थांब, दोन ठोके चल. मागं बगून बोलायचं न्हाय," त्यांनी बजावलं.

आम्ही जुळे सोलापुरातल्या एका रिकाम्या रस्त्यावर गेलो. हळू चाल, ब्रेक, सोड. एक ठोका, दोन ठोके. तिसऱ्या फेरीला रस्त्याच्या कडेने पर्यवेक्षक चालत येताना दिसले. पायात पांढरे बूट, हातात कोथिंबिरीची पिशवी. त्यांनी हात केला. थांबणं भाग होतं.

"काय सर, रविवारचं गाडी शिकताय?" ते काचेतून वाकले. मग त्यांचं लक्ष मागे गेलं. "अहो, हे कोण झोपलंय?"

"मिस्त्री आहे," मी म्हणालो.

मला वाक्य शोधावं लागलं नाही. आधीपासून दाराशी येऊन उभं असल्यासारखं ते निघालं. 'मिस्त्री आहेत' असंसुद्धा म्हणालो नाही. 'आहे'.

"अरे वा! आवाज ऐकायला माणूस आत निजवलाय होय! काय मिस्त्री, सापडलं का?"

आप्पांनी मान उचलली. एका गालावर मॅटचे वळ उठले होते. "सापडतंय की. साहेबांनी गाडी लई जपून ठेवलीया. एक्सलचं बुश गेलंय, डाव्या अंगाचं."

साहेब. मला म्हणाले ते.

पर्यवेक्षक अजून काहीतरी बोलत होते, कोथिंबिरीच्या भावाचं. मागून पत्र्यावर दोन ठोके पडले. मी गाडी हाकली.

घर येईपर्यंत आरशात बघायची छाती झाली नाही. दुपारपर्यंत उघडं असणाऱ्या एका दुकानातून मी बुशची जोडी आणली. बुश म्हणजे जाड रबराची नळी. एक्सल गाडीच्या सांगाड्याला जिथे धरलेला असतो तिथे ती मध्ये बसते, लोखंडाला लोखंड लागू देत नाही. आप्पांनी जुनं बुश काढून माझ्या हातावर ठेवलं. एका बाजूने ते पार फाटलं होतं. ब्रेक लावला की एक्सल मागे सरकायचा, सोडला की पुढे येऊन आदळायचा. फाटकापाशी मी नेमकं तेच करत होतो, स्पीडब्रेकरवर ब्रेक आणि पोरींसमोर ऐटीत सोडणं.

नवं बुश त्यांनी एका लांब बोल्टने आणि पाइपच्या तुकड्याने ओढून बसवलं. बोल्ट घातला, पण कसला नाही.

"कसा ना," मी म्हणालो.

"गाडी जॅकवर लटकल्याली हाय. आत्ता कसलं तर रबर पिळल्यालं ऱ्हाईल आन् पुन्ना फाटंल. चाकं भुईला टेकू दे. आपल्या वजनानं बसल्यावर कसायचं."

मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो. "आप्पा, मघाशी ते सर..."

"चौदाचा पाना दे."

मी दिला.

"ह्यो बारा हाय," ते म्हणाले.

सोमवारी गाडी फाटकातून आली ती मांजरीसारखी. पर्यवेक्षक स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, मिस्त्री भारी आहे हो तुमचा! माझीपण गाडी मागून वाजतेय. येत्या रविवारी आणा की त्याला."

नऊ वर्षांत आली नव्हती अशी संधी आयती समोर आली होती. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

संध्याकाळी आप्पांना सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. "तुम्ही यायला नको, आप्पा. मी काहीतरी सांगतो त्यांना."

"आनखी काय सांगतोस?" त्यांचा आवाज चढला नाही. "येतो की. मिस्त्रीला मिस्त्री म्हनलास, त्यात खोटं काय? मी तर जलमभर सगळ्यांला त्येच सांगत आलोय. तूच सांगत न्हवतास."

रविवारी आईने त्यांच्यासाठी पांढरा सदरा काढून ठेवला होता. त्यांनी जुना खाकी घातला. "कामाला निगालोय, लग्नाला न्हाय," म्हणाले. गाडीत बसताना ते मागे बसले. मी पुढचं दार उघडून धरलं होतं, तरी.

पर्यवेक्षकांच्या अंगणात आप्पा गाडीखाली गेले. बाहेर फक्त पाय, टाचांना भेगा पडलेले. मी आणि पर्यवेक्षक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. त्यांच्या मिसेसनी चहा आणला. ट्रेमध्ये दोन कपबशा आणि एक स्टीलचा ग्लास. कपबशा आम्हाला दिल्या, ग्लास चाकाजवळ फरशीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, चहा घ्या हं."

त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या घरी वायरमन येतो तेव्हा त्यालाही चहा असाच जातो. मीच नेऊन देतो.

कप माझ्या ओठापर्यंत गेला. मी कप खाली ठेवला. "सर, ते माझे वडील आहेत."

गाडीखाली पान्याचा आवाज थांबला.

पर्यवेक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पायांकडे, मग परत माझ्याकडे. "पण तुम्ही तर... ट्रान्सपोर्ट..."

"ट्रकचे पाटे बसवायचे. मी खोटं बोललो होतो. गेल्या रविवारी रस्त्यावर पण."

"अहो सर," ते म्हणाले आणि खुर्चीतून अर्धे उठले. मिसेस लगबगीने आल्या, फरशीवरचा ग्लास उचलून आत गेल्या आणि बशीसकट कप घेऊन आल्या. वडील आहेत म्हटल्यावर कप निघाला. हे माझ्यामुळे झालं, तरी ते बघताना मान वर होईना.

आप्पा बाहेर सरकले. काळे हात समोर धरून त्यांनी कपाकडे पाहिलं. "ग्लासच बरा हुता बाई. ह्याचा कान काळा करून ठिवीन मी." मग पर्यवेक्षकांकडे वळून, "तुमचं बुश न्हाय गेलं साहेब. स्टेपनीचा बोल्ट ढिला हाय. दोन आटे दिले की गप."

येताना ते पुढे बसले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "चा गार झाला तुज्या भाषणात."

मी हसलो. तेही थोडे हसले असतील. मी रस्त्याकडे बघत होतो.

हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं की शेवटी मी बोललो, एवढं तरी माझ्या बाजूने लिहिता येईल. पण ते चार शब्द म्हणताना माझी नजर पर्यवेक्षकांच्या तोंडावर होती. ते आता मला काय समजतील, हेच मी तेव्हाही बघत होतो. गाडीखाली पाना थांबला त्या घटकेला आप्पांच्या तोंडावर काय होतं, ते वाकून बघायचं माझ्या मनातच आलं नाही.