घोडेस्वार उतरला की गेला? खर्ड्याची एक चौकशी

स्वस्ति श्री सकलगुणालंकृत, अँटेनादिशानियंत्रक, रविवारप्रेक्षकशिरोमणी, एकदिवसीयकिरकोळरजाधारक अस्मादिक नव्वदच्या दशकातील एका उन्हाळ्यात नगरहून खर्ड्यास प्रयाण करते झाले. कारण गंभीर होते. दूरदर्शनवरील अमेरिकेतल्या इंग्रजी घोडेस्वार-मालिकेच्या अंतिम भागात नायक विधवेच्या कुंपणाशी घोडा थांबवतो, नेमक्या त्या क्षणी आमच्या नगरातल्या सावेडीची वीज गेली. तो उतरला की निघून गेला, हे न कळता मी चार वर्षे काढली. नव्या केबलवर नाचगाण्यांचा महापूर होता. त्या घोड्याचे शेपूटही नव्हते. हा अक्षम्य सांस्कृतिक अन्याय होता.

खर्ड्याचे माझे साडू शाळामास्तर. ग्रामपंचायतीच्या टीव्हीशेजारी उभे राहून ते हीच मालिका गावाला मराठीत सांगत. शेवट त्यांना ठाऊक असणारच.

जाणाऱ्यांनी सकाळची जामखेड एसटी धरून उजवीकडे बसावे. डावीकडे ऊन भाजते. जामखेडहून पुढे जीप मिळते, जागा मिळेलच असे नाही. खर्ड्याचा किल्ला पाहावा. तटबंदी अभंग आहे. माझा संयम नव्हता.

स्टँडवर चहाचे हॉटेल चालवणाऱ्या रखमाबाईंनाच मी विचारले.

“त्यो घोडेवाला व्हय? उतरला की. हीर खांदली, पानी लागलं, तिथंच ऱ्हायला. लई ग्वाड शेवट.”

विहीर? अमेरिकेत? मी तडक साडूंकडे धडकलो. समोर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली. मी ताटाला हात लावला नाही.

“विहीर कुठून आली?”

त्यांनी दार लोटून घेतले. “आमची बी लाईट तवाच गेली, साडूभाऊ. सगळं गाव बसलेलं, कुनी उठंना. मंग सांगितला शेवट.”

“म्हणजे तुम्ही पाहिलाच नाही?”

“तुमी तरी कुठं पाह्यला?”

विजेची ही जिल्हाव्यापी समता मला असह्य झाली. सोबत आणलेला चहाचा थर्मास उचलून मी निघालो.

स्टँडवर रखमाबाईंनी हटकले. “पावनं, नगरला बी तसंच दावलं का?”

मनात मास्तरांचा पंचनामा तयार होता. “अगदी तसेच,” मी म्हणालो. “पाणी किती हातांवर लागले, एवढे मात्र निसटले.”

“पंधरा हात,” त्या म्हणाल्या.

माझा संताप आजही शाबूत आहे. पण तो स्वार आठवला की हल्ली उतरतोच, आणि कुदळ शोधू लागतो.

थर्मासचे झाकण मात्र साडूंकडेच राहिले. दोन पत्रे धाडली. उत्तरात लोणच्याची खुशाली सविस्तर असते, झाकणाविषयी अक्षर नाही. वर वाटी पालथी घालतो, चहा निवतोच.