कंडक्टर दिपमालाचं दुसरं ऑपरेशन

एरंडोल डेपोच्या बसवर दिपमाला कंडक्टर आहे. जळगाव-धुळे रोज ये-जा करणाऱ्यांना तिचा आवाज पाठ आहे. "आबा, जरा सरका मागे, मागे बठ्ठी जागा मोकळी शे!" असं ती दारातून ओरडली, की माणसं हसत हसत मागे सरकतात.

मध्ये वर्षभर हा आवाज बंद होता. डाव्या स्तनात गाठ निघाली, कॅन्सर ठरला आणि जळगावला ऑपरेशन करून स्तन काढावा लागला. मग केमो, मग किरणांचा शेक. केस गेले, परत आले. तपासण्या चांगल्या आल्या, तशी ती पुन्हा कामावर रुजू झाली. सगळे म्हणाले, सुटलीस बाई.

पण रिकाम्या बाजूला ब्रामध्ये स्पंजचा पॅड घालावा लागे. मे महिन्यात, पत्रा तापलेल्या बसमध्ये, शेकाने नाजूक झालेल्या कातडीवर तो घामाने चिकटायचा, खाज सुटायची. एकदा पाळधीजवळ ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि पॅड सरकून थेट गळ्याशी आला. समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलीने पाहिलं आणि घाईने खिडकीकडे तोंड फिरवलं. दिपमालाने तिकिटाचं मशीन छातीशी धरलं आणि एरंडोल येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरांना विचारलं, "स्तन परत तयार करता येतो म्हणतात. खरं आहे का?"

"येतो की. तुम्ही कधी विचारलं नाही."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

डॉक्टर जरा ओशाळले. त्यांनी तिला धुळ्याच्या एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. बेंबीखालची कातडी आणि चरबी काढून वर छातीवर बसवायची, तिच्या बारीक रक्तवाहिन्या तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. "मोठं ऑपरेशन आहे. पोटावर आडवा व्रण राहील. आणि पहिल्यासारखा स्पर्श कळेल, असं मी कबूल करणार नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

घरी नवरा समाधान पंख्याची मोटर उघडून बसला होता. वायरमन माणूस, बोलणं मोजकंच. त्याने सगळं ऐकून घेतलं. "माझ्यासाठी करत असशील तर नको करू. मला काही फरक पडत नाही."

"मला पडतो," दिपमाला म्हणाली.

त्याने मान हलवली. "मग कर."

सासू लिलाबाई मात्र बिथरल्या. "तुना जीव वाचना, आखो काय जोयजे तुले? आते पुन्हा आंग कसाले कापी लेस?"

दिपमालाने त्यांना ऑपरेशनची तारीख तेवढी सांगितली.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. नंतर नर्स सारख्या यायच्या, नव्या भागाला हात लावून तो उबदार आहे का, रंग ठीक आहे का, बघून जायच्या. पोट ताणलेलं, त्यामुळे सरळ उभं राहता येत नव्हतं. वाकून चालताना ती समाधानला म्हणाली, "मी तुझ्या आईपेक्षा म्हातारी दिसतेय." चौथ्या-पाचव्या दिवशी एका कडेची कातडी काळी पडली आणि ती घाबरली. सर्जन बाईंनी तेवढा भाग काढला, बरेच दिवस ड्रेसिंग चाललं, पण बाकीचं जगलं.

घरी आल्यावर अंघोळीचा प्रश्न आला. मुलगी प्राची परीक्षेत गुंतलेली. लिलाबाईच बादली घेऊन आल्या. पाठ चोळता चोळता थांबल्या.

"देखू दे माले."

दिपमाला वळली. सासूने बराच वेळ पाहिलं, मग एक बोट हळूच टेकवलं.

"गरम शे व माय!"

"माझंच मांस आहे, आत्याबाई. गरमच असणार."

"दुखस का?"

"नाही. तुमचं बोटच कळलं नाही मला."

लिलाबाईंनी टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. "डॉक्टरीन बाईना हात चांगला शे," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर अंघोळीचं पाणी त्याच तापवायच्या आणि दिपमालाच्या हाताला गरम लागतंय का ते विचारूनच ओतायच्या, कारण छातीला ते कळत नव्हतं.

काही महिन्यांनी ती कामावर आली. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. नवी जरा वर आहे. पुढे स्तनाग्रही करून देऊ, असं बाई म्हणाल्या होत्या, पण दिपमालाने नको म्हटलं. तिला हवं होतं तेवढं मिळालं होतं. मशीनचा पट्टा आता छातीवरून आडवा जातो आणि ती वरच्या दांड्याला बिनधास्त हात घालते.

एकदा धरणगावची रूपा नावाची बाई या ऑपरेशनचं ऐकून तिला स्टँडवर शोधत आली. तिचाही स्तन काढलेला होता. रसवंतीवर बसून दिपमालाने तिला सगळं सांगितलं. काळी पडलेली कडा, वाकून चालणं, पोटाचा व्रण, काहीच लपवलं नाही. मग आडोशाला नेऊन दाखवलंसुद्धा.

रूपाने नीट पाहिलं आणि जरा विचार करून म्हणाली, "छान झालंय हो. पण ताई, मला नाही करायचं. मला आहे तशीच मी बरी वाटते."

"मग काय, प्रश्नच मिटला," दिपमाला म्हणाली आणि उसाच्या रसाचे आणखी दोन ग्लास सांगितले.