गाडीची राखण

त्या आजीबाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शेवगावच्या बाजारात किल्ली आत राहिली आणि माझ्या गाडीचं दार बंद झालं. सावेडीला घरी फोन केला. दुसरी किल्ली एसटीने येईपर्यंत उन्हात उभं राहणं आलं.

गाडीला टेकून आजीबाई कोथिंबीर मांडून बसल्या होत्या. कुणी तार, कुणी पट्टी घेऊन मदतीला आलं, की जुड्यांवर पाणी शिंपडणारा हात त्या त्याच्यावरच झटकायच्या. "व्हा बाजूला! लोकाची गाडी हाय, वरखडा उठंल." एकाने तर दार उघडतच आणलं होतं, त्यालाही पिटाळलं. माझ्या गाडीची एवढी काळजी घरात कुणाला नाही. मला अगदी भरून आलं.

किल्ली आली. दार उघडून मी आजीबाईंचे आभार मानले. त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं आणि तोंड एवढंसं केलं.

"लगीच निघालात व्हय? जुड्या हायेत की अजून."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मुकाट्याने आत बसून राहिलो. थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली.

"भाऊ, आता किल्ली हाय नव्हं? मग गाडी जरा मागं घ्या. सावली सरकली."