लुक्रेटिव्ह काम

सरांनी फळ्यावर शब्द लिहिला. लुक्रेटिव्ह.

"विशेषण आहे. ज्या कामात भरपूर पैसा, ते काम लुक्रेटिव्ह. वाक्यात उपयोग सांगतो." अन् माझ्याकडं बोट केलं. "हलगी वाजवणं लई लुक्रेटिव्ह काम आहे. माझ्या पुतण्याच्या लग्नात ह्यानं मातीतली नोट दातानं उचलली. हलगी न थांबवता! उभा राहा रे, बघू दे सगळ्यांना."

उभा राहिलो. वर्ग खदाखदा हसला. मला काहीच वाटलं न्हाई. लाजबी न्हाई. तोंडात तेवढी माती लागली.

खरंच उचलली होती. कंधारकडच्या लग्नांत तशीच रीत. नवरदेवावरून नोट ओवाळायची, खाली टाकायची. हलगीवाल्यानं वाकायचं. माझ्या बापानं उचलली, मग मी.

खोलीवर येऊन डिक्शनरी काढली. किफायतशीर, असा अर्थ होता. पैसा कुठून उचलायचा, ते लिहिलं नव्हतं.

पण क्लास सोडता येत नव्हता. लातुरातला हा क्लास सरांनी मला फुकट दिला होता, अन् सरकारी नोकरीची परीक्षा दोन टप्प्यांत होती. पहिल्या टप्प्याचा निकाल लागला. पास झालो. क्लासवाल्यांनी पास झालेल्यांची मिरवणूक काढली. फेटे, गुलाल, सगळं. मी धुतलेला शर्ट घालून गेलो.

सरांनी फेटा दिला न्हाई. हलगी पुढं केली.

"घे, चालू कर."

"सर, मी पास झालोय. मी पुढं चालणार."

"मग वाजवणार कोण?"

"ते तुम्ही बघा."

सर जवळ आले. हळूच म्हणले, "फुकट शिकवलं, त्याची ही परतफेड व्हय रे? उद्यापासून क्लासची पायरी चढू नको."

"न्हाई चढत," म्हणलो. तरी पुढंच चाललो, चौकापर्यंत. कुणी गुलाल लावला न्हाई. रडू आलं न्हाई. पाय तेवढे चालत होते.

रात्रीच्या एसटीनं गावाकडं आलो. दादाला, म्हणजे माझ्या बापाला, सगळं सांगितलं. बापानं खुंटीवरची हलगी काढली. मग म्हणला, "परवा लग्न हाय पोरा. सुपारी घेतलीय."

"जाऊ की दादा. वाजवू. जीव तोडून वाजवू. पर पैसं हातात द्या म्हणायचं. खाली टाकली तर नोट तिथंच पडून ऱ्हाईल."

पुढची परीक्षा मी घरूनच देणार. अन् आमच्या घरातलं कुणी आता नोट उचलाय वाकणार न्हाई. दातानं न्हाई, हातानंबी न्हाई.