जपानला मी आवडले नाही तर

आमचं घर साताऱ्याचं, पण मी वाढले चंदीगडमध्ये. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली होऊन इथं आले आणि राहिले. मराठी फक्त घरात. शाळेत एकदा दाढ दुखत होती, तेव्हा नर्सबाईंना "ठसठसतंय" हे हिंदीत कसं सांगावं तेच कळेना. शेवटी 'दर्द है' म्हणून गप्प बसले.

बारावीनंतर माझ्या वर्गातली निम्मी मुलं कॅनडाच्या तयारीला लागली. आमच्या सेक्टरच्या बाजारात दर दुसऱ्या जिन्यावर इंग्रजीच्या क्लासची पाटी. बाबांनी माझंही नाव घातलं, कारण माझा मामेभाऊ टोरांटोत होता. मी मात्र सेक्टर २२ मध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका पंजाबी बाईंकडे जपानी शिकत होते. त्या नवऱ्याबरोबर बरीच वर्षं ओसाकात राहून आल्या होत्या. एकदा त्यांनी दुखण्याचे शब्द शिकवले. टोचणारं दुखणं वेगळं, ठणकणारं वेगळं. "आणि आत ठोके पडल्यासारखं दुखतं ना, ते झुकीझुकी," त्या म्हणाल्या. ठसठसणं! कधीही न पाहिलेल्या त्या देशाला माझं दुखणं कळत होतं. तिथं जाऊन भाषाशास्त्र शिकायचं, हे मी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

बाबांना ते खूळ वाटलं. कॉलेज संपत आलं, मी शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, लेखी परीक्षा पास झाले, तरी त्यांचा एकच प्रश्न: "तिथं आपलं कोण आहे?" त्यावरून आमचं एकदा जोरात वाजलं आणि नंतर बोलणंच खुंटलं. जेवताना ते आईला सांगत, "तिला भाजी वाढ."

मुलाखत ऑनलाइन होती. त्या सकाळी बाबा ऑफिसला गेले नाहीत. का, ते सांगितलं नाही. बाहेर पेपर घेऊन बसले. आईने कुकर लावायचा थांबवला.

पडद्यावर तिघं होते. सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले. मी दाढेची गोष्ट सांगितली, दोघं हसले. मधल्या वयस्कर बाई हसल्या नाहीत. त्यांनी अगदी सावकाश, मला प्रत्येक शब्द कळेल असं विचारलं, "जपान तुम्हाला आपला वाटतो. जपानला तुम्ही आपल्या वाटला नाहीत, तर?"

याची तयारी मी केलीच नव्हती. बाहेर पेपरची सळसळही थांबली होती. मग मी मोडक्या जपानीत म्हणाले, की मी जिथं वाढले तिथंही आम्ही बाहेरचेच आहोत. तरी हे शहर मला माझं वाटतं. त्यासाठी मी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चेहरा तसाच. पडदा काळा झाला.

बाबा दारात उभे होते. किती दिवसांनी थेट माझ्याशी बोलले. "मध्ये गप्प का झालीस? काय विचारलं?"

मी सांगितलं. ते पलंगाच्या कडेवर बसले.

"माझी बदली झाली तेव्हा हे मला कुणी विचारलं असतं, तर मी आलोच नसतो," ते म्हणाले. मग चादर सरळ करत, "आता पुण्याला पाठवतो म्हणतात. आईला अजून बोललो नाही. माझाच पाय निघत नाही इथून."

स्वयंपाकघरात कुकर चढल्याचा आवाज आला.

निकालाला पावसाळा उजाडला. आधी प्रतीक्षायादी, मग नुसती शांतता. मी मेल उघडायला घाबरायची. एका दुपारी मेल आला: कुणीतरी माघार घेतली होती, जागा माझी होती. विद्यापीठ मी मागितलेलं नव्हतं. उत्तरेकडचं, बर्फाच्या गावातलं. मी बाबांना फोन केला.

"तिथं कोण आहे?" हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. "कधी निघायचं?" एवढंच विचारलं. इतकी वर्षं भांडायला समोर बाबा होते. आता समोर फक्त तो देश होता.

सप्टेंबरात मी गेले.