आमच्या दुकानातल्या कराटेचा पहिला आणि शेवटचा प्रयोग

मी कराटे शिकायला गेलो तो बायकोच्या सांगण्यावरून, त्यामुळे तक्रार कुठं करावी ते अजून ठरलेलं नाही. "पोट कमी होईन, दुकानात जरा चपळ राहाल," असं सुनंदा म्हणाली होती. वर्ग रोज सकाळी. पोट होतं तिथंच राहिलं, पण सरांचं एक वाक्य डोक्यात घुसलं. "समोरचा जोर लावून राहिला तं अडवू नका. बाजूला व्हा. तो आपल्याच जोरानं पडते. धंद्यातबी हेच!"

आमचं शहापूरला हायवेवर पितळी भांड्यांचं दुकान. आंदणाची भांडी घ्यायला सानगडीचे डोमाजी काकाजी आले. लग्नसराईतलं पहिलं मोठं गिऱ्हाईक, तेही सुनंदाच्या मावशीच्या शब्दावर आलेलं! सौदा फिसकटला असता तर मावशीला तोंड दाखवायची सोय राहिली नसती. (मला. सुनंदाची सोय मावशीनं केलीच असती.)

सुनंदा चहा टाकायला मागं घरात गेली आणि काकाजींनी भाव पाडला. मी मान हलवली. ते उठले.

आता आमच्याकडचा रिवाज असा, की गिऱ्हाईकानं तीनदा निघून जायचं आणि दुकानदारानं तीनदा हाक मारून बसवायचं. त्याशिवाय साधा गडवा, म्हणजे तांब्यासुद्धा विकला जात नाही. पण माझ्या डोक्यात सर होते!

"चाललो मी," काकाजी वजनकाट्याजवळ थांबून म्हणाले.

"बरं," मी म्हणालो आणि त्यांच्या चपला सुलट्या करून ठेवल्या. (जोराला वाट करून द्यायची!)

काकाजी चपलांकडे बघतच राहिले. पायरीवरून म्हणाले, "खरंच चाललो बरं का!"

"सांभाळून जा." मी गल्ल्यामागे पाय फाकवून, गुडघे वाकवून घोडेस्वाराची बैठक घेतली.

त्यांनी गाडीला चार किका मारल्या. गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली होती. शेवटी न राहवून ओरडले, "भाऊ, तुम्ही बलावून काहून नाही राहिले जी?"

मी खोल श्वास सोडला. ते गेले.

सुनंदा ट्रे घेऊन आली. "काकाजी कुठं गेले जी?"

"गेले. आपल्याच जोरानं."

"मंग तुम्ही काय करून राहिले होते?"

"बाजूला झालो."

"आता बाजूलेच राहा!" असं म्हणून ती ट्रेसकट रस्त्यावर धावली. "काकाजी, चाय तं घेऊन जा जी!"

काकाजी फार लांब गेलेच नव्हते. समोरच्या पानठेल्यावर आमच्या दाराकडे तोंड करून उभे होते. आले, बसले, आणखी दोनदा उठले. सुनंदानं दोन्हीदा हाक मारली आणि पाण्याचे गुंड, परात, समया, सगळं ठरलं.

मी तोवर बैठकीतच होतो. स्थिर चित्तानं वगैरे नव्हे. गुडघे अडकले होते.

"भाऊ काहून असे उभे आहेत?" काकाजींनी विचारलं.

"कराटे," सुनंदा म्हणाली.

दोघांनी काखेत हात घालून मला उचललं आणि स्टुलावर ठेवलं. जाताना काकाजी तिला हळूच म्हणाले, "सूनबाई, दवाखान्यात दाखवा."

सर म्हणायचे, खरा योद्धा कधी लढत नाही. तसं पाहिलं तर मी आता फार वरच्या पायरीला पोचलोय. भाव सुनंदा बोलते. मी दारातल्या स्टुलावर बसून उठलेल्या गिऱ्हाइकाला फक्त हाक मारतो. तीसुद्धा सुनंदानं खूण केल्यावर!