एकदाच वाचलेली ओळ

भानुदास गेल्याची बातमी मला शाळेत कळली. आमच्या घरी फोन नाही. मोंढ्यातल्या एका आडत दुकानात आमचे फोन येतात, तिथले मुनीम सायकलवरून आले आणि वर्गाच्या दारात चपला काढून उभे राहिले. मला निरोप द्यायला कोणी चपला काढून उभं राहत नाही. त्यांनी त्या काढल्या तेव्हाच मला समजलं. "बाई, परभणीहून फोन होता…" एवढंच ते बोलले. आदल्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात त्याच्याजवळ बसून आले होते. माय तिथंच राहिली होती, मला मात्र त्यानं परत पाठवलं. "अक्का, तू जाय. शाळा नको बुडवू," म्हणाला. मी त्याला एक गोष्ट सांगायची ठरवून गेले होते. तास-दीड तास बसले, मोसंबी सोलून दिली, गावातल्या गोष्टी सांगितल्या आणि ती एक गोष्ट न सांगता शेवटच्या बसनं मानवतला आले. तीच आज लिहिते आहे. भाऊ गेल्यावर बहिणीनं त्याचे गुण गावेत अशी रीत आहे. गुण गाईनच, पण माझा एक अवगुण सांगितल्याशिवाय त्याचे गुण पुरे होत नाहीत.

भानू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. बा शेळ्यामेंढ्यांमागं रानोमाळ असायचा, माय दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची, त्यामुळं त्याला वाढवलं मीच. अक्षरओळखही माझ्याच हाताखाली झाली. बाकीची पोरं दोन पट्ट्या खाऊन जे शिकायची ते तो नुसते डोळे वटारले की शिकायचा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगली पेटल्या तेव्हा तो परभणीला कॉलेजात होता. बस बंद, रस्ते बंद. तो रेल्वेच्या रुळाकडेनं चालत मानवत रोडपर्यंत आला आणि तिथून घरी. सोबत त्याच्या खोलीवरचा बौद्ध मित्र होता. मायनं दोघांना भाकरी वाढली. तिसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, "मी निघतो आता." भानूनं त्याच्या चपला उचलून उतरंडीमागं लपवल्या. रस्ते निवळल्याची खात्री झाल्यावरच दिल्या. असा हट्टी होता. बोलायचा कमी, पण धरलेलं सोडायचा नाही.

पुढं इंजिनिअर झाला आणि हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. तिथं काय करतो ते आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. एकदा सुट्टीत आला तेव्हा मी आग्रह धरून विचारलं. म्हणाला, "कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य प्रोग्रॅम ऱ्हातो, त्याला कर्नल म्हणतेत. बाकीचे सगळे त्याच्याकडून जागा मागून घेतेत, काम झालं की वापस देतेत. मी ते जागेचं बघतो." मी म्हणाले, म्हणजे तलाठी. तो खूप हसला. मग म्हणाला, "तू सोनपेठचा बाजार बघ. कोथिंबीरवालीला हातभर जागा लागती, भांडेवाल्याला वीस हात. दुपारून एकेक जण उठून जातो अन् मधीमधी जागा रिकाम्या पडतेत. शेजारशेजारच्या रिकाम्या जागा जोडीत गेलं पाहिजे. न्हाई तर अर्धा बाजार मोकळा असून भांडेवाल्याला बसायला जागा न्हाई." जागा देण्या-घेण्याचं हे सगळं लिखाण दहा-बारा वर्षांत दहा-बारा जणांनी आपापल्या मनानं वाढवलेलं होतं. कुठलं काय कुठं आहे, कुणाला उमगत नव्हतं. ते नीट लावायचं काम भानूवर आलं. चालणारं काही बिघडू द्यायचं नाही, फक्त मांडणी बदलायची. स्वयंपाकघरातली भांडी तीच ठेवून फळ्या नव्यानं लावाव्यात, तसं.

आणि त्याच वर्षी त्याचे डोळे गेले. शुगर लहानपणापासूनची. आधी एक डोळा धुरकट झाला, मग दुसरा. कंपनीनं माणुसकी दाखवली, मोठी रजा दिली. तो घरी आला तो एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कागदांची थप्पी घेऊन. पान पानाला जोडलेलं, मागंपुढं घडी पडणारं, कडेला भोकं असलेलं कागदाचं लांबलचक भेंडोळं. म्हणाला, "अक्का, तकलीफ देतो तुला. रोज थोडं वाचून दाखवशील?"

मला इंग्रजी येतं ते पाचवीला शिकवण्यापुरतं. पण ते इंग्रजी नव्हतंच. कंस, बाण, अर्धविराम, मधेच एखादा तुटका शब्द. सहावीच्या गणितातले साधे कंस, चौकटी कंस, महिरपी कंस मला पाठ होते, त्यावर मी निभावून नेलं. शाळा सुटली की चहा घेऊन त्याच्या खोलीत बसायचं आणि वाचायचं, "इफ, साधा कंस सुरू, पी बाण साइझ…" तो खाटेवर डोळे मिटून ऐकायचा. ऐकलेलं सगळं त्याच्या डोक्यात राहायचं. चार दिवसांपूर्वीची ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवायचा. मग नवी मांडणी तोंडानं सांगायचा आणि मी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची. एकदा मायनं दारातून विचारलं, "कोणती पोथी वाचायलीस गं? महिना झाला ऐकायले, देवाचं नाव तर एकदा बी येईना." भानू म्हणाला, "येईल माय, शेवटच्या अध्यायात येईल." त्या दिवसांत आम्ही तिघंही बरेच हसलो. त्याचे डोळे गेले होते हे खरं, पण घर भरलेलं होतं.

त्या कागदांत छपाईची एक खोड होती. जिथं एक पान संपून दुसरं सुरू होतं तिथं कधी कधी शेवटची ओळ पुढच्या पानावर पुन्हा उमटायची. अशी दुबार ओळ मी दोन ठिकाणी पकडली. तो खुश झाला. "बरं पकडलंस अक्का. मास्तरीण उगीच न्हाईस तू." मी फुगले. बावीस वर्षं पोरांच्या वह्या तपासताना दुबार उतरवलेल्या ओळी लाल शाईनं खोडत आले आहे, त्या विद्येचा हैदराबादेत उपयोग झाला! म्हणाले, "आता असं आलं तर तुला विचारत बसत न्हाई, सरळ गाळते." तो "बरं" म्हणाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी पोरांना फळ्यावर लिहून देते. स्वतःला कधी लिहून दिलं नाही.

परत आलेली जागा शेजारच्या रिकाम्या जागांशी जोडण्याचा भाग आला, त्या दिवशी शाळेत तपासणी होती. साहेबानं सगळ्यांदेखत मला चार शब्द सुनावले होते. डोकं तापलेलं, कणिक भिजवायची राहिलेली. एका पानाच्या तळाशी ओळ होती, "जॉइन, कंसात पी, अर्धविराम." पुढच्या पानाच्या माथ्यावर तीच ओळ. मी ती एकदाच वाचली आणि पुढं गेले. भानूनं हात वर केला. "थांब. मागच्या रिकाम्या जागेशी जोडली, ते झालं. पुढच्या जागेशी कुठं जोडली? एक जॉइन एकाच शेजाराला जोडतं, दोनदा पाहिजे अक्का. एकदाच हाय का? नीट बघ."

मागचं पान घडी पडून खाली गेलं होतं. ते उलटून बघायला कितीसा वेळ लागला असता… मी हातातल्या पानावर नजर टाकली आणि म्हणाले, "एकदाच हाय. मला काय वाचता येत न्हाई का?" आवाज माझा चढला होता. त्यानं वर केलेला हात खाली घेतला. अगदी हळू म्हणाला, "चिडू नको. पुढची जागा दुसरीकडं कुठं जोडीत असतेल. चालत आलेलं काम हाय, त्यात चूक नसंल." आणि नव्या मांडणीतही ती ओळ त्यानं एकदाच सांगितली, मी एकदाच लिहिली. स्वतःच्या डोक्यापेक्षा त्यानं माझ्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवला.

कागद रजिस्टर पोस्टानं हैदराबादला गेले. तिथं श्रीनिवास म्हणून त्याचा जोडीदार होता, त्यानं ते सगळं मशीनवर चढवलं. पहिलं पत्र आनंदाचं आलं, फार सुंदर मांडणी आहे, सगळ्यांना पहिल्यांदा समजलं म्हणून. भानूनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. दुसरं पत्र वरच्या साहेबाचं होतं. मशीन अकरा दिवस व्यवस्थित चाललं आणि बाराव्या दिवशी जागा नाही म्हणून अडलं. जागा होती, पण सगळी तुकड्यातुकड्यांत. आम्ही जुन्या लिखाणावर परत जात आहोत, तुम्ही आता प्रकृती सांभाळा, असं सभ्य भाषेत लिहिलं होतं. तेही पत्र मीच वाचून दाखवलं.

त्यानं जुनं भेंडोळं काढायला लावलं. पहिल्यापासून वाच म्हणाला. चौथ्या दिवशी ते पान आलं. या खेपेला कागद मांडीवर पसरलेला होता आणि दोन्ही ओळी माझ्या डोळ्यांसमोर होत्या, एक वर, एक खाली. शाईही सारखीच, ठळक. छपाईच्या चुकीत दुसरी ओळ जराशी फिकट, तिरकी असायची, हे मला तोवर चांगलं माहीत झालं होतं. ही चूक नव्हती. ती लिहिणाऱ्यानं दोनदाच लिहिलेली होती. एकदा मागच्यासाठी, एकदा पुढच्यासाठी.

आणि मी ती पुन्हा एकदाच वाचली.

पहिल्यांदा जे झालं ती चूक होती. दुसऱ्यांदा झालं त्याला मी दुसरा शब्द शोधते आहे, तो पाप याच्या आसपास कुठंतरी आहे. तो रागावला नसता. उलट टाळी वाजवून "सापडलं!" म्हणाला असता. पण "मला काय वाचता येत न्हाई का" हे माझं वाक्य मला गिळवेना. उद्या सांगू म्हटलं. भानूनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर दोन बोटं टेकवली. "म्हंजे डोळ्यापाठोपाठ हे बी गेलं, अक्का. मला पक्कं वाटत व्हतं तिथं दोनदा पाहिजे म्हणून. ठेव ते कागद फडताळात."

त्यानंतर त्यानं काम काढलं नाही. रेडिओ लावून पडून राहायचा. कुणी हिशेबाचं, गणिताचं काही विचारलं तर म्हणायचा, "माझ्यावर भरवसा नका ठेवू." ज्या माणसाच्या डोक्यात हजारो ओळी बिनचूक होत्या, तो साधा बाजारहाटाचा हिशेबही दोनदोनदा विचारून घ्यायला लागला. मी ते पाच महिने रोज बघितलं. रोज संध्याकाळी सांगायचं ठरवायचे आणि रोज चहा ठेवून निघून यायचे. मग मूत्रपिंडं बिघडली, परभणीच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि आता आजारी माणसाला कशाला त्रास, अशी एक सोयीची सबब मिळाली.

चौदावा झाल्यावर मी श्रीनिवासला पत्र लिहिलं. मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. दोन्ही ओळी जशाच्या तशा उतरवून दिल्या आणि पानाचा आकडा दिला. त्याचं उत्तर यायला महिना लागला. भानूचे कागद त्यानं फेकले नव्हते. त्यात त्यानं ती एक ओळ घातली. मशीन चोवीस दिवस सलग चालू आहे, कुठंही अडलं नाही, असं त्यानं लिहिलं होतं. भानुदासची मांडणी पहिल्यापासून बरोबर होती. कंपनी आता तीच वापरणार आहे, त्या लिखाणाच्या माथ्यावर त्याचं नाव राहील. त्यात माणसांनी वाचावं असं आणखी काही लिहायचं असेल तर कळवा.

माय अंगणात शेंगा फोडीत बसली होती. "कोणाची चिठ्ठी?" तिनं विचारलं.

"भानूच्या हापिसातली. त्याचं काम बरोबर व्हतं म्हणायलेत."

"मग त्याला कसं न्हाई सांगितलं कोणी?"

"मला म्हाईत व्हतं, माय. मी न्हाई सांगितलं."

तिनं शेंगा तशाच ठेवल्या. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "दवाखान्यात मला म्हणला, अक्कावर लय भार टाकला मी, शाळा करून माझं वाचायली बिचारी…" आणि उठून आत गेली.

त्याची खोली आम्ही अजून आवरलेली नाही. परवा रविवारी तिथं खुर्ची ओढून श्रीनिवासला उत्तर लिहायला बसले. लिहिलं की त्या दोन ओळींच्या वर साध्या भाषेत एवढं लिहा: ही ओळ दोनदा आहे, दोनदाच हवी, छपाईची चूक समजून कोणी गाळू नये. कुणी गाळली होती तेही लिहायचं असेल, तर माझं नाव लिहा. पाकीट बंद केलं, आणि खुर्ची रिकाम्या खाटेकडं वळवली. मग जे दोन शब्द म्हणायला मला पाच महिने पुरले नाहीत ते तोंडातून निघाले, मोठ्यानं, शाळेत पाठ वाचून दाखवते तशा आवाजात.

"दोनदा हाय, भानू."